गवताच्या शेंड्यांवरून

मंडळी, वॉलआय हा 1965 पासून अमेरिकेतल्या मिनेसोटाचा राज्यमासा आहे. पाणगवतावरून आमिष ओढत तो धरायचा, तर गळ टाकणाऱ्याने आधी त्याचा डोळा समजून घ्यावा. मांजरासारखाच त्याच्या डोळ्यातही उजेड परतवणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला चांगलं दिसतं आणि त्याचं आवडतं भक्ष्य, पिवळा पर्च, तेव्हा चाचपडत असतो. म्हणून संध्याकाळ वॉलआयची. मग भर दुपारी तो जातो कुठे? खोल पाण्यात, असं सगळे सांगतात. जातोही. पण हिरवंगार पाणगवत असेल तर सावली तिथेच आणि पर्चची पिल्लंही तिथेच. तो खोलात कशाला जाईल?

हे गवत कुठवर वाढणार, ते ऊन ठरवतं. मिनेसोटातल्याच मिल लॅक्स तलावात 2005 साली झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले पाणी गाळतात. पाणी जितकं नितळ, तितकं ऊन खोल पोचतं आणि गवताची कडही खोल सरकते. म्हणून जुन्या नकाशावरच्या खुणांवर विसंबू नका, दरवर्षी सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, लावून कड नव्याने शोधा.

आता ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागून आमिष ओढणं. गवतावरून जाताना सगळा खेळ उंचीचा असतो. समजा पाणी दहा फूट आहे आणि गवताचे शेंडे पृष्ठभागाखाली सहा फुटांवर आहेत. तुमचं आमिष साडेचार-पाच फुटांवर चाललं पाहिजे. वॉलआय वर झेपावून खातो, म्हणून थोडं वर चाललेलं चालतं, खाली गेलेलं मात्र अजिबात नाही. पट्टीचे लोकसुद्धा आमिषाच्या रंगावर तासभर वाद घालतात. माझ्या मते तो वेळ दोरी किती सोडली की आमिष किती खाली जातं, हे मोजण्यात घालवावा.

वेग ताशी दीड ते अडीच मैल, म्हणजे रमतगमत चालण्याइतका. उथळ पाण्यात बोट डोक्यावरून गेली की मासे बाजूला होतात, म्हणून आमिष शंभरेक फूट मागे ठेवा, नाहीतर प्लेनर बोर्ड, म्हणजे दोरी बाजूला ओढणारी तरंगती फळी, लावून दोरी बोटीपासून दूर न्या. दोरी विणलेली घ्या. ती ताणत नाही, त्यामुळे आमिषाची थरथर थेट काठीच्या टोकाशी येते. ही थरथर थांबली की समजायचं, गवत अडकलं. काठीला एक जोरकस हिसका द्या. कोवळं पान तुटतं, आमिष सुटतं, आणि बऱ्याचदा त्या उसळीवरच मासा लागतो. थरथर परत आली नाही तर मात्र आळस न करता दोरी गुंडाळा आणि गळ साफ करा. पानाचा तुकडा ओढत तलावभर हिंडणारे कमी नाहीत.

कडेने जाताना सरळ रेषेत जाऊ नका. गवताची कड जिथे बाहेर येते किंवा आत वळते, तिथे मासे जमतात. गांडूळ लावलेला स्पिनर, म्हणजे गरगरणारं पातं असलेला गळ, ओढत असाल तर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं वापरा, ते देठांतून सुळकन निसटतं. नागमोडी वळणं घ्या. वळणाच्या बाहेरचा स्पिनर वेग घेऊन वर येतो, आतला मंदावून खाली बसतो. कुठल्या बाजूला मासा लागला यावरून त्या दिवशीचा वेग कळतो. वेगळा प्रयोग करावाच लागत नाही.

एक कायद्याची गोष्ट. मिनेसोटात बोट बाहेर काढली की ट्रेलरला चिकटलेलं सगळं गवत काढायचं आणि तळाचं बूच उघडून पाणी सोडून द्यायचं. युरेशियन मिलफॉइल नावाचं परकं गवत तुटक्या तुकड्यातूनही रुजतं, म्हणून हा नियम.

एका श्रोत्याने विचारलं आहे की सप्टेंबरनंतरही हेच करायचं का. गळाला जे येतं ते बघा. करकरीत हिरवं पान आलं तर तिथेच गळ टाकत राहा. तपकिरी, बुळबुळीत आलं तर ते गवत कुजतंय आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातंय. पर्च तिथून निघून जातात, वॉलआयही त्यांच्या मागे जातो. मात्र त्याच तलावात एखादा पट्टा उशिरापर्यंत हिरवा राहतो. बहुतेकदा तो खोल कडेला असतो, आणि तो सापडला तर ऑक्टोबरातही तिथे गळ टाकायला हरकत नाही.