आधी ओल बघा

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेतल्यांनी पुढं यायला हरकत नाही. पुढच्या खुर्च्यांना वाळवी नाही, मी बघून घेतलंय.

पत्रिकेत विषय छापलाय, 'वाळवी: ओळख आणि घराची काळजी'. दोन्ही सांगतो. पण जे बोलायला खरं तर आलोय ते आधी टाकतो. वाळवी दिसली की आपण औषधवाल्याला फोन लावतो. त्याच्याआधी घरात ओल कुठं आहे ते बघा, आणि लाकूड मातीला कुठं टेकलंय ते बघा.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घराची गोष्ट सांगतो. जुनं घर पाडून नवं बांधलं. जोत्यात भर घालताना ठेकेदारानं सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, लाकडी खुंट्या, सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या, सगळं मुरमाखाली ढकललं. मी हटकलं तर म्हणतो, "सर, वरनं कोबा झाल्यावर कोण बघतंय?" बघणारी होती की! कामकरी वाळवी आंधळी असते, पण पत्ता चुकत नाही. फुकटचं जेवण आम्हीच जमिनीत पुरून ठेवलेलं.

पुढं स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. वरून ऑइलपेंट झकास, एक ओरखडा नाही. बिजागरी हलायला लागली म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघितलं, तर आवाज भद्द. बोटानं दाबलं तर रंग पापडासारखा मोडला. आत लाकडाच्या जागी मातीनं लिंपलेल्या गल्ल्या! सुतार म्हणाला, लाकूडच कच्चं. अहो, सागवान होतं! पण सागाचा गाभा टिकतो, सालीकडचं पांढरं लाकूड टिकत नाही, आणि बिलात दोन्ही सागवानच असतं. (हशा) हसू नका, तुमच्या चौकटी उद्या ठोकून बघा. ठेकेदाराला बोलावलं, तो म्हणाला हा तुमच्या पेठेच्या जमिनीचा दोष. जसं काही जमीन मी उत्पादन करतो.

औषधवाला आला, चौकटीवर फवारा मारून, पैसे घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यात वाळवी स्कर्टिंगमधून वर. कारण चौकटीत होती ती नुसती कामकरी. राणी जमिनीखाली, रोज हजारोंनी अंडी घालत बसलेली. शेवटी सापडलं काय? न्हाणीच्या भिंतीतला पाइप झिरपत होता. जोतं बारा महिने ओलं.

आता ओळख. वाळवी मुंगीच्या नव्हे, झुरळाच्या कुळातली. कातडी पातळ, उघड्यावर लगेच सुकते. भिंतीवर मातीच्या नळ्या बांधते ती म्हणूनच: आत दमटपणा राहतो, मुंग्यांपासून आडोसाही मिळतो. आपल्याकडच्या वारुळांतल्या काही जाती जमिनीत बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते, ती त्याच शेतीतली. इथं ऊसवाले बसलेत, लावणीची कांडी कशी पोखरते हे त्यांना मी काय सांगू! आणि २०१९ अन् २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या भिंती किती दिवस ओल्या होत्या ते आठवा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. चहाची वेळ झालीय म्हणे, म्हणजे मूळ मुद्दे पळतच सांगतो.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या येतात. बाहेरून आल्या तर केरसुणी पुरे. घरातच फरशीच्या फटीतून किंवा चौकटीतून निघाल्या, तर वसाहत घराखाली किंवा भिंतीत आहे असं समजा. मातीची नळी दिसली की पुसून मोकळं होऊ नका. थोडी फोडा, दोन-चार दिवसांनी बघा. पुन्हा लिंपली असेल तर वाट चालू आहे. लिंपली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, वाट बदललेली असू शकते. गळती काढा, भिंतीला टेकलेली रद्दी आणि सरपण हलवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं घ्या.

मग औषध. नवं बांधत असाल तर भर घालतानाच जमिनीला द्या. भारतीय मानक ६३१३ मध्ये नव्या आणि जुन्या, दोन्ही इमारतींची पद्धत दिलीय. जुन्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर साधारण फूट-फूट अंतरानं भोकं पाडून औषध मातीत सोडतात. नुसता वरून फवारा मारणाऱ्याला विचारा, जमिनीत काय घालणार? विहीर किंवा बोअर जवळ असेल तर ते त्याला आधी सांगा, औषध पाण्यात जाता कामा नये.

घरगुती उपायांचं राहिलंच. रॉकेल, मीठ, कडुलिंब घेऊन आलेल्यांनी मला चहाच्या टेबलाशी गाठावं.