पुस्तकात 100, नागपुरात 99

(पडद्यावर: गांधीसागर तलावाच्या कडेने येणारी एसटी. खिडक्यांतून बाहेर आलेले हात. आरडाओरडा.)

फेब्रुवारी लागला ना की नागपुरात अशा बसेस दिसायला लागतात. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक, कुठून कुठून शाळा येतात. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्यामुळे सगळ्यांना नेमकं त्याच आठवड्यात यायचं असतं, आणि पहिला स्टॉप ठरलेला, रमण विज्ञान केंद्र. हे केंद्र 1992 मध्ये सुरू झालं, तारामंडल नंतर 1997 ला आलं. आज जे मास्तर पोट्ट्यांची लाईन लावून राहिलेत त्यातले बरेच जण लहानपणी स्वतः इथे याच लाईनमध्ये उभे होते.

आणि एक गंमत, ज्यांच्या नावाचं हे केंद्र आहे ते सी. व्ही. रमण 1910 मध्ये खरंच नागपुरात राहून गेलेत. पण आले होते सरकारी अकाउंट्स खात्याचे अधिकारी म्हणून. वर्षही पूर्ण झालं नाही तर 1911 ला प्रमोशनवर कलकत्त्याला गेले, तिथे ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर प्रयोग करत राहिले, पुढे नोकरी सोडल्यावर 28 फेब्रुवारी 1928 चा तो रमण परिणामाचा शोध लागला, 1930 ला नोबेल मिळालं. हे सगळं पोट्ट्यांना भाषणात पाठ असतं. नागपूरचं तेवढं कोणी सांगत नाही.

(पडद्यावर: बटणं दाबणारे हात, जवळून. एक, दुसरं, तिसरं.)

आता हे बघा. जगातल्या कुठल्याही सायन्स म्युझियममध्ये जा, हेच दिसेल. बटण दाबलं, लाईट लागला, काहीतरी फिरलं, पोरगं पुढच्या बटणाकडे पळालं. मजा येते यात वादच नाही, आणि एवढ्या गर्दीला दुसरं करणार तरी काय. पण या फिल्मसाठी आम्ही त्याच्या पुढचा भाग बघायला आलोय. जेवणाचे डबे खाऊन झाले की यातल्या काही शाळा दुपारी वर्कशॉपला जातात. एक साधा हॉल, सतरंज्या, बुटकी टेबलं, प्रत्येक टेबलावर 5-6 जणं, आणि बटण एकही नाही.

आजचा ग्रुप काटोलकडचा. सातवी-आठवी. वर्कशॉप घेणाऱ्या ताई आल्या आल्या पहिलं काम काय करतात तर सगळ्यांच्या वह्या गोळा करून कोपऱ्यात ठेवतात. सोबत आलेल्या सरांचा चेहरा बघा, त्यांना ते अजिबात पटलेलं नाही. "मॅडम, मग लिहून काय घेतील?" ताई म्हणाल्या, "सर, लिहायचं आहे ना, पण शेवटी."

दुसरा नियम मला फार आवडला. ज्याच्या हातात सामान आहे त्याने बोलायचं नाही आणि जो बोलेल त्याने हात लावायचा नाही, पाच मिनिटांनी अदलाबदली. ज्यांनी कधी शाळेत प्रयोग केलाय त्यांना लगेच कळेल हे कशासाठी. प्रत्येक टेबलावर एक दादा असतो, तो सगळं सामान ओढून घेतो, आणि मागे दोन मुली असतात ज्या नुसत्या बघतात आणि नंतर सुंदर अक्षरात निष्कर्ष लिहून देतात. इथे दादाच्या तोंडाला किंवा हाताला, कशाला तरी एकाला कुलूप.

(पडद्यावर: पाण्याने भरलेली प्लास्टिकची पारदर्शक बादली. त्यात तरंगणारी संत्री.)

पहिला प्रयोग संत्र्याचा. काटोलच्या पोरांना संत्रं दाखवणं म्हणजे तसा जोकच आहे, त्यांच्या घरचे बगीचे आहेत, आणि सध्या मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, माल निघायचे दिवस आहेत. "हे काय मॅडम, आमच्याकडे क्रेटनं पडले आहेत," एकजण म्हणालाच. ताईंनी विचारलं, पाण्यात टाकलं तर काय होईल? तरंगेल. टाकलं, तरंगलं. आता सोलून टाका. हलकं झालं ना वजनाने, मग तर अजून तरंगेल, अर्धा वर्ग हेच म्हणाला. सोललं, टाकलं, गेलं तळाशी.

यातलं कारण सोपं आहे, सालीचा तो पांढरा आतला भाग स्पंजसारखा असतो, त्यात हवा भरलेली, आणि आपल्या संत्र्याची साल तर तशीही सैल असते, सालीच्या आणि फोडींच्या मधेही हवा. साल गेली म्हणजे वजन थोडं गेलं पण जागा व्यापणारी हवा बरीच गेली. पण ताईंनी हे सांगितलं नाही. सांगणारच होत्या बहुतेक, तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला, "ताई, आमचं त बुडूनच नाही राहिलं!"

(पडद्यावर: सोललेलं संत्रं, पाण्याच्या अगदी वरच्या पातळीला, अर्धवट बाहेर. एक बोट त्याला खाली दाबतं. ते परत वर येतं.)

आता इथे दोन गोष्टी होऊ शकतात. ते संत्रं बाजूला ठेवून दुसरं घ्यायचं, "हे खराब आहे" म्हणायचं आणि पुढे जायचं. वेळ कमी असला की बहुतेक ठिकाणी असंच होतं, मी दोष देत नाही. ताई मात्र बाकी सगळी टेबलं सोडून तिथेच येऊन बसल्या. काऊन नाही बुडून राहिलं? एकाने सांगितलं आंबट असेल. एक म्हणे बारीक आहे म्हणून. मग जिच्या हातात ते संत्रं होतं त्या पोरीने, नियमाप्रमाणे काही न बोलता, ते पाण्याच्या आत धरून हळूच उकललं. मधून बुडबुडे आले. फोडींच्या मधोमध जी पोकळी असते ना, देठापासून खालपर्यंत, ती या संत्र्यात चांगली मोठी होती आणि सोलताना बंदच राहिली होती. बुडबुडे निघाले आणि फोडी एकेक करून खाली गेल्या.

ज्याचा बगीचा आहे तो म्हणाला, "हौ, पोकळ निघते ना काही काही, बाबा म्हणते झाडाचं खाणं बरोबर नाही झालं की असं होते." आता वर्ग आर्किमिडीजवरून शेतीवर गेला, सर अस्वस्थ, पण पुढची दहा मिनिटं पोट्टे एकमेकांशी भांडून राहिले होते की कुठलं संत्रं बुडेल हे सोलायच्या आधी हातात धरून सांगता येतं का. काही जणांना खरंच बऱ्यापैकी सांगता येत होतं. माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात चांगला तास हाच, आणि तो प्लॅनमध्ये नव्हता.

त्याच सालीचा अजून एक खेळ झाला. टम्म फुगवलेल्या फुग्यावर साल मुडपून पिळायची. साल फुग्याला लागत पण नाही, नुसते तुषार उडतात, आणि फटाक. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते रबर विरघळवतं, ताणलेला फुगा त्या एका ठिकाणी कमजोर होतो आणि आतली हवा बाकीचं काम करते. डोळ्यात उडालं तर भयंकर झोंबतं, म्हणून चष्मा लावून किंवा हात लांब करून. हे एवढं दाखवलं की पोरं तुम्हाला सोडत नाहीत, फुगे संपतात पण साली संपत नाहीत.

(पडद्यावर: इंडक्शनवर स्टीलचं भांडं. वाफ. थर्मामीटर धरलेला हात, रुमालाने गुंडाळलेला.)

आता जे टायटल तुम्ही वाचून आलात ते. पाणी किती अंशाला उकळतं? सगळा हॉल एका सुरात, शंभर. ताईंनी प्रत्येक टेबलाला काचेचा लाल रेघेचा थर्मामीटर दिला आणि म्हणाल्या, चांगली खळखळ उकळी आल्यावर बघा आणि मला चिठ्ठीवर लिहून द्या, आपापसात सांगू नका. चिठ्ठ्या आल्या. 100, 100, 100, 100, 101. आणि एका चिठ्ठीवर लिहून मग खोडलेलं, 99 खोडून 100.

ताईंनी ती खोडलेली चिठ्ठी वर धरली, नाव काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या चला परत बघू, या वेळी एकेकाने येऊन डोळा रेघेच्या समोर आणायचा. कॅमेराही तिथेच आहे, तुम्ही पण बघा.

(पडद्यावर: थर्मामीटरची रेघ, अगदी जवळून. 99 च्या खुणेजवळ थरथरत थांबलेली.)

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी, दाब कमी म्हणजे पाणी लवकर उकळतं, आणि ढोबळ हिशोब असा की दर 300 मीटरला उकळबिंदू एखाद्या अंशाने खाली येतो. म्हणजे नागपुरात पाणी 99 च्या आसपासच उकळणार, पुस्तकातले 100 समुद्रसपाटीचे आहेत. चिखलदऱ्याला नेलं, साधारण 1100 मीटर, तर 96 च्या जवळपास. लेहला 3500 मीटरवर 88 वगैरे, म्हणून तिकडे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. आणि ते 101 वाले? त्यांनी थर्मामीटरचं खालचं टोक भांड्याच्या बुडाला टेकवून ठेवलं होतं, बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. त्यांनी निदान जे दिसलं तेच लिहिलं, ताईंनी त्यांचं कौतुक केलं हे विशेष. स्वस्तातले थर्मामीटर स्वतःच अर्धा-एक अंश इकडेतिकडे असतात हेही ताईंनी लपवलं नाही, म्हणून तर सगळ्या टेबलांचे आकडे एकत्र बघायचे, आणि या वेळी ते सगळे 98 ते 99 च्या मधे निघाले.

पण पाच टेबलांनी रेघ बघूनसुद्धा 100 लिहिलं होतं ना! मला हेच खटकत राहिलं. पोरं खोटारडी आहेत असं नाही, परीक्षेत 99 लिहिलं तर मार्क जातो हे त्यांना चांगलं माहीत आहे आणि त्यांचा अनुभव चुकीचा नाही. एक पोरगी हळूच म्हणाली पण, "मग पेपरात काय लिहायचं ताई?" ताईंनी सरांकडे बघितलं. सर जरा थांबले, मग म्हणाले, "पेपरात 100 लिही, समुद्रसपाटीला असं लिही पुढे, मी मार्क देतो." दुपारपासून वह्यांसाठी रुसलेले तेच सर.

(पडद्यावर: ब्लेडने तांब्याची तार खरवडणारी बोटं.)

शेवटचा अर्धा तास मोटरचा. दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधलं मॅग्नेट आणि वाइंडिंगची तांब्याची तार. तार चमकते म्हणून पोरांना वाटतं उघडीच आहे, पण तिच्यावर इनॅमलचा, म्हणजे करंट न जाऊ देणारा, पातळ थर असतो. इथे काटोलचं ज्ञान परत कामी आलं, एकाच्या घरची विहिरीवरची मोटर जळाली होती आणि त्याने वाइंडिंगच्या दुकानात बसून सगळं बघितलं होतं, "काळी पडते ना तार, ते वरचं इनॅमलच जळते."

तारेचं वेटोळं करायचं, दोन्ही टोकं सेलला लावलेल्या पिनांच्या भोकात. एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. घाईत बहुतेकांनी दोन्ही पूर्ण खरवडली, आणि वेटोळं फिरायच्या ऐवजी नुसतं डुलायला लागलं, थोडं इकडे, थोडं तिकडे. कारण अर्धा फेरा झाला की ढकलणारा जोर उलटा होतो. अर्ध्या बाजूला इनॅमल ठेवलं की नेमक्या त्या वेळी करंट बंद पडतो, वेटोळं आपल्याच वेगात पुढे जातं आणि परत करंट मिळतो. ज्यांचं डुलत होतं त्यांनी खरवडलेल्या टोकाच्या एका बाजूला नेलपॉलिश लावलं, वाळेपर्यंत फुंकर मारत बसले, आणि फिरलं. सेल मात्र गरम होतो, सारखं जोडून ठेवायचं नाही.

बस साडेचारची होती, सव्वाचारपासून ड्रायव्हर हॉर्न देऊन राहिला होता. वह्या परत मिळाल्या पण लिहायला वेळ उरलाच नाही, बसमध्ये लिहा म्हणून सांगितलं.

असं काही फक्त सहलीलाच होतं असंही नाही बरं का. नागपुरात अपूर्व विज्ञान मेळावा भरतो, तिथे महापालिकेच्या शाळांतली मुलं स्वतः टेबलामागे उभी राहून येणाऱ्या मोठ्या माणसांना प्रयोग समजावून सांगतात, सामान सगळं बाटल्या, स्ट्रॉ, फुगे असलंच. आपल्या शाळेत करायचं असेल तर तिथून भरपूर उचलता येईल.

जाता जाता सरांनी ताईंना विचारलं, फुकटात होणारं, सगळ्या शाळेला एकदम करता येईल असं काही सांगा. ताईंनी शून्य सावलीचा दिवस सांगितला. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते. 26 मे आणि परत 17 जुलैच्या आसपास. आता आली का पंचाईत, मे मध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग. सर म्हणाले मग मे मध्येच, घरी, प्रत्येकाने अंगणात एक सरळ बाटली ठेवायची आणि दर दोन मिनिटाला सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची, फोटो ग्रुपवर टाकायचा. नागपूरची वेळ दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या जवळपास. काटोल पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे दोनेक मिनिटं उशिरा, आणि थोडं उत्तरेलाही आहे म्हणून 26 ला जमलं नाही तर 27 ला परत बघायचं, हे सरांनी बसच्या पायरीवर उभं राहून तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.