ऑपरेशन अचानक झालं, आता नोकरीचं काय?

(टेबलाशी बसून. हातात घडी घातलेला कागद.)

नमस्कार. हा कागद बघा. हॉस्पिटलमधून घरी सोडताना देतात ते डिस्चार्ज कार्ड, माझंच. नाव झाकलंय, बाकी सगळं जसंच्या तसं आहे. इथे अगदी खाली, सर्जनच्या अक्षरात तीन शब्द दिसतात का? 'रेस्ट सेव्हन डेज'. बास. सात दिवस कधीपासून? ऑपरेशन झालं तेव्हापासून की घरी सोडलं तेव्हापासून? ते काही लिहिलेलं नाही. त्या वेळी मीही विचारलं नाही. कोण विचारतं हो, घरी जायला मिळतंय म्हटल्यावर!

मंगळवारी रात्री पोटात दुखायला लागलं, पहाटे ॲडमिट झाले, बुधवारी दुपारी अपेंडिक्स बाहेर. शुक्रवारी घरी. ऑफिसने ते सात दिवस शुक्रवारपासून धरले, म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत. टाके दाखवायला डॉक्टरांनी बोलावलं होतं त्यानंतरच्या सोमवारी. सोमवारी त्यांनी नवी चिठ्ठी दिली: 'आजपासून आणखी सात दिवस विश्रांती'. आता मधला शुक्रवार आणि शनिवार मोजा. त्या दोन दिवसांवर कुठलाच कागद नाही. मी घरात पोटाला उशी दाबून खोकतेय, आणि तिकडे हजेरीत माझ्या नावापुढे शेरा पडलाय: विनापरवानगी गैरहजर.

दोन दिवसांचा पगार कापला गेला, त्याचं एवढं काही नाही. पण तो शेरा चिकटला. वर्षअखेरीला अप्रेझलच्या वेळी समोरच्या माणसाने स्क्रीनकडे बघत विचारलं, "मध्ये दोन दिवस काय झालं होतं?" त्याला ऑपरेशन माहीत होतं. फळं घेऊन भेटायला आलेला माणूस! पण स्क्रीनवर ऑपरेशन दिसत नव्हतं, शेरा दिसत होता.

म्हणून आज बोलायचंय ते या दोन कागदांच्या मधल्या दिवसांबद्दल. आजारी पडलात म्हणून काढतो, असं तोंडावर सहसा कोणी म्हणत नाही. काढायचंच असेल तर गैरहजेरी दाखवतात, आणि ती दाखवायला असे उघडे राहिलेले दिवस उपयोगी पडतात.

(कागद बाजूला ठेवून.)

आधी कायदा, थोडक्यात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ सालचा एक करार आहे, क्रमांक १५८. त्याच्या सहाव्या कलमात सरळ म्हटलंय की आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे काही काळ कामावर न येणं हे नोकरीवरून काढण्याचं वैध कारण नाही. वाचून बरं वाटतं. फक्त अनेक देशांनी हा करार स्वीकारलेलाच नाही, भारतानेही नाही. त्यामुळे तुम्ही कुठे काम करता त्यावर सगळं अवलंबून.

जर्मनीत पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, पुढे आरोग्य विमा कपातीआधीच्या पगाराच्या साधारण ७० टक्के देतो, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. अमेरिकेत १९९३चा कायदा १२ आठवडे नोकरी राखून ठेवतो, पण बिनपगारी, आणि तेही कंपनीत ५० माणसं असतील, तुमचं वर्ष भरलं असेल आणि वर्षभरात १,२५० तास काम झालं असेल तर. भारतात राज्य कामगार विमा योजनेत असाल तर आजारपणात ७० टक्के दराने, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पैसे मिळतात. त्या योजनेचा १९४८चा कायदा २०२५पर्यंत लागू होता, आणि त्यातलं ७३वं कलम तर असं सांगायचं की हा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही.

यातली खोच बघा. पगार मिळणं आणि नोकरी टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतला माणूस नोकरी राखतो, पण पगार नसतो. उलट जर्मनीत पगार चालू असतो, तरी फार लांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या आजारपणात काही अटींवर नोकरी जाऊ शकते. "माझी रजा मंजूर आहे ना, मग झालं" असं म्हणून स्वस्थ बसू नका. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आता पहिले दोन दिवस. इथे आमच्याकडे काय झालं ते सांगते. ऑपरेशनला नेताना अंगठी, चष्मा, मोबाइल सगळं काढून नवऱ्याच्या हातात दिलं. मोबाइल माझ्या बोटाच्या ठशाने उघडतो. बोट आत टेबलावर! पासवर्ड त्याला माहीत नाही. रजेचा अर्ज ऑफिसच्या ॲपवर, ॲपचा ओटीपी त्याच मोबाइलवर. साहेबांचा नंबरही त्यातच. बिचाऱ्याने शेवटी माझ्या मैत्रिणीला गाठलं, तिने कोणाला तरी तोंडी सांगितलं, आणि 'तोंडी कळवलं होतं' या वाक्याला नंतर काडीची किंमत राहिली नाही.

त्यामुळे साहेबांचा आणि एचआरचा ईमेल घरातल्या एका माणसाकडे आजच देऊन ठेवा. वेळ आली तर त्याने स्वतःच्या मोबाइलवरून एवढंच लिहायचं:

"अमुक अमुक यांना आज पहाटे तातडीने हॉस्पिटलमध्ये दाखल केलं आहे. आज शस्त्रक्रिया होणार आहे. आजपासून त्या कामावर येऊ शकणार नाहीत. किती दिवस, हे डॉक्टरांनी सांगितलं की दोन दिवसांत कळवतो. कागदपत्रं मागाहून पाठवतो. हा मेल मिळाल्याचं कृपया कळवा."

शेवटचं वाक्य विसरू नका. पोच आली तर उत्तम. नाही आली तरी तुम्ही मागितली होती हे लेखी राहतं.

आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. पूर्ण भूल दिल्यानंतर २४ तास कुठल्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नका, असं भूलतज्ज्ञच सांगतात. औषधाचा अंमल उतरलाय असं वाटतं, पण डोकं अजून जागेवर नसतं. ऑफिसच्या ईमेललाही हाच नियम लावा. मी शुद्धीवर आल्यावर चार तासांनी एक मेल लिहिला होता. 'सोमवारपासून घरून काम सुरू करते.' कोणी मागितलंही नव्हतं! ते एक वाक्य परत घेताना नाकी नऊ आले.

(डिस्चार्ज कार्ड पुन्हा हातात.)

आता मुख्य मुद्दा, सर्टिफिकेट. डॉक्टरांसमोर बसलात की तीन तारखा मागा. कधीपासून काम करता येत नव्हतं, कधीपर्यंत येणार नाही, पुन्हा कधी तपासणार. पुढच्या तपासणीची तारीख विश्रांतीच्या शेवटच्या दिवशी किंवा त्याच्या आधी यायला हवी. तशी येत नसेल तर तिथेच सांगा, "डॉक्टर, तपासणी सोमवारी आहे, तर विश्रांती सोमवारपर्यंत लिहाल का?" हसून लिहून देतात हो. त्यांच्या दृष्टीने तो एका ओळीचा प्रश्न आहे, फक्त त्यांना ऑफिसची हजेरी कशी चालते ते माहीत नसतं.

मी हे उलट्या क्रमाने शिकले. अप्रेझलनंतर पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेले, आणि सर्जननी जुने कागद बघून ॲडमिट झाल्यापासून कामावर रुजू होईपर्यंतचं एकच सलग सर्टिफिकेट दिलं. तो शेरा काढून घ्यायला त्यानंतर तीन मेल आणि दोन महिने लागले.

कागद किती दिवसांत द्यायचा, याचीही मुदत असते. ब्रिटनमध्ये पहिले सात दिवस स्वतःच लिहून दिलं तरी चालतं, पुढे डॉक्टरांचा कागद लागतो. अमेरिकेतल्या त्या कायद्यात कंपनीने सर्टिफिकेट मागितल्यावर किमान १५ दिवस द्यावे लागतात. तुमच्याकडे काय आहे ते बघा, कारण कागद खरा असूनही उशिरा पोचला म्हणून अडकलेले लोक मला माहीत आहेत.

सर्टिफिकेटवर आजाराचं नाव हवंच का, असं बरेच जण विचारतात. खास करून बायका, ऑपरेशन गर्भाशयाचं वगैरे असेल तर. ऑफिसला खरं म्हणजे एवढंच कळायला हवं की तुम्ही काम करू शकत नाही आणि किती दिवस. विम्याच्या कागदात निदान लागतं, पण ते विम्याच्या माणसाकडे जाऊ दे, साहेबांच्या इनबॉक्समध्ये कशाला? पहिल्या मेलमध्ये 'शस्त्रक्रिया' एवढाच शब्द पुरतो. आणि टीमच्या ग्रुपवर सलाइनचा फोटो टाकू नका, प्लीज.

रजेत असताना "जरा एवढं बघून दे ना" असा फोन येतोच. एखादा पासवर्ड सांगणं ठीक. पण रोज दोन तास मेल बघायला लागलात की तुमच्या सर्टिफिकेटलाच भोक पडतं. उद्या कोणी म्हणेल, काम तर चालू होतं, मग रजा कसली?

पैशाबद्दल एकच गोष्ट जोरात सांगायची आहे. आजारपणाची रजा संपली, हक्काची रजा संपली, आता बिनपगारी, आणि मग माणसाला अपराधी वाटायला लागतं. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, राजीनामाच देऊन टाकते." थांबा! तुमचा आरोग्य विमा ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून असेल तर तो साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. टाके ओले असताना विमा सोडू नका. बिनपगारी रजा मागा, लेखी मागा, तारखा घालून मागा.

आता परत जाणं. टाके निघाले म्हणजे बरं झालं असं घरचेही धरतात, ऑफिसही धरतं. कातडी वरून आठवड्या-दोन आठवड्यांत मिटते. पण ताण सोसण्याची ताकद आतून हळूहळू येते. जखमेच्या जागी ती मूळच्या साधारण ८० टक्क्यांवर यायला तीन महिने लागतात, आणि त्यापुढे फारशी वाढत नाही. म्हणून पाण्याचा २० लिटरचा जार उचलून मशीनवर ठेवणारा माणूस दोन आठवडे तरी दुसरा शोधा. दोन काय, सर्जन सांगतील तितके.

फिटनेस सर्टिफिकेटवर 'हलकं काम' असं लिहून घेऊ नका. हलकं म्हणजे काय? माझ्या साहेबांच्या मते माझं सगळंच काम हलकं आहे. किती किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, सलग किती वेळ बसायचं किंवा उभं राहायचं नाही, दिवसाला किती तास, कुठल्या तारखेपर्यंत, हे आकड्यांत मागा. ब्रिटनमध्ये २०१०पासून जी 'फिट नोट' आहे तिच्यात ही सोय छापलेलीच असते: हळूहळू कामावर येणं, वेळेत बदल, कामात बदल, जागेवर सोयी. डॉक्टर खुणा करतात. तुमच्याकडे असा फॉर्म नसेल तर हेच चार मथळे साध्या कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. मी ठेवले होते. दुपारी तीनला मला अक्षरशः टेबलावर डोकं टेकावंसं वाटायचं, म्हणून पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मागितला. मिळाला.

प्रोबेशनवर असाल किंवा कंत्राटावर, तर संरक्षण बरंच पातळ असतं, हे खोटं बोलून लपवत नाही. पण म्हणूनच तुमचा प्रत्येक कागद जास्त मोलाचा.

आणि पत्र आलंच तर? 'स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असा तयार मसुदा पुढे केला तर तिथल्या तिथे सही करायची नाही. "वाचून कळवते" एवढं म्हणायचं. काढण्याचं कारण लेखी मागायचं आणि त्याच आठवड्यात वकिलाला किंवा युनियनला गाठायचं, कारण मुदती फार छोट्या असतात. जर्मनीत काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कोर्टात जावं लागतं. पोट दुखतंय म्हणून कोणी वाट बघत नाही.

भारतातल्या कारखान्यांच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे सरकारने घालून दिलेल्या नोकरीच्या नमुना नियमांमध्ये, वर्षानुवर्षं एक वाक्य होतं: रजा संपल्यावर ८ दिवसांत परतला नाही आणि पटेल असं कारण दिलं नाही, तर कामगाराचा नोकरीवरचा हक्क जातो. अशाच एका कलमाखाली नाव कापलेल्या कामगाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९३ साली न्यायालयाने सांगितलं की बाजू मांडायची संधी न देता, चौकशी न करता असं परस्पर नाव कापता येणार नाही. निकाल कामगाराच्या बाजूने लागला, पण तिथपर्यंत पोचायला कोर्टाच्या किती पायऱ्या, विचार करा.

तर आता व्हिडिओ इथेच थांबवा आणि तुमचं नियुक्तिपत्र किंवा एचआर पॉलिसी उघडा. 'गैरहजेरी' हा शब्द शोधा. त्याच्या आसपास कुठेतरी दिवसांचा एक आकडा असेल. तीन, पाच, आठ, दहा. तो किती आहे, ते खाली लिहा. माझ्या पत्रात तो तीन होता, आणि माझे बिनकागदाचे दिवस होते दोन.