उतरवून घेतलेला मारिओ आणि लपवलेला गोल्फ

नमस्कार श्रोतेहो. टीव्हीला जोडून खेळायच्या नव्या यंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर, आपल्या लहानपणचे व्हिडिओ गेम उतरवून घेता येतात का, असं बरेच जण विचारतात. येतात की! मारिओ, कॉन्ट्रा, पॅकमॅन, सगळे. पिवळी कॅसेट, तिच्यात मारलेली फुंकर, तापलेला अडॅप्टर, हे मी सांगत बसत नाही. ते सगळं तुमच्याही घरी झालेलं आहे.

डाउनलोडचं बटण दाबण्याआधी मात्र एक बघा. खेळ विकत मिळतोय, की भाड्याने? निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या कन्सोलवर वर्गणी भरली की तिच्याच एनईएस, सुपर एनईएस आणि गेम बॉय या जुन्या यंत्रांवरचे खेळ खुले होतात. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह यंत्राचे हवे असतील तर वरची, महागडी वर्गणी. हे सगळं भाडं. वर्गणी संपली, खेळ संपला. शिवाय सात दिवसांतून एकदा तरी कन्सोल इंटरनेटला जोडावा लागतो, तेव्हा गावी जाणार असाल तर आदल्या रात्री जोडून घ्या. याउलट कोनामीने २०१९ मध्ये काढलेला कॉन्ट्राचा संच, किंवा हॅम्स्टर कंपनीचे ‘आर्केड आर्काइव्ह्ज’मधले खेळ एकदाच पैसे मोजून घेता येतात, स्विचवर आणि प्लेस्टेशनवरही. पुन्हा सांगतो, वर्गणीतला खेळ भाड्याचा, सुटा घेतलेला विकतचा.

जागेची काळजी करू नका. १९८५ चा मूळ सुपर मारिओ ब्रदर्स अवघा ४० किलोबाइटचा आहे. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहून येणारं चित्र बहुधा त्याहून मोठं असतं, आणि त्यात एकही लेव्हल नसते!

आता कमी जागेचा विषय निघालाच आहे, तर गोल्फची गोष्ट सांगतो. खरं तर ही सांगायला मला विषय निघावा लागतच नाही.

साल १९८४. निन्टेन्डोला आपल्या फॅमिकॉम या कन्सोलसाठी गोल्फचा खेळ हवा होता, पूर्ण अठरा होलचा. ज्याला विचारावं तो म्हणे, एवढ्याशा मेमरीत अठरा होल मावणार नाहीत. एचएएल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीतला एक प्रोग्रॅमर मात्र हो म्हणाला. सातोरू इवाता, वय चोवीस. माहिती दाबून बसवायची पद्धत त्याने स्वतःच लिहून काढली आणि अठराच्या अठरा होल बसवले. हेच इवाता २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. पुढे कंपनीच्या इंटरनेट कार्यक्रमांत ते स्वतः कॅमेऱ्यासमोर येत, आणि ‘थेट तुमच्यापर्यंत’ म्हणताना दोन्ही हात छातीपासून सरळ पुढे नेत. ती त्यांची खूणच होऊन गेली.

११ जुलै २०१५ ला इवाता गेले. वय पंचावन्न. स्विच तेव्हा तयार होत होता. तो बाजारात आला मार्च २०१७ मध्ये.

आणि त्याच सप्टेंबरात स्विचचं सॉफ्टवेअर उचकटून बघणाऱ्या काही मंडळींना आत एक खेळ लपवलेला सापडला. कुठल्या यादीत नाही, दुकानात नाही. तोच १९८४ चा गोल्फ! तो उघडायचा कसा, ते ऐका. तारीख हवी ११ जुलै. मुख्य स्क्रीनवर असताना दोन्ही जॉयकॉन, म्हणजे बाजूचे कंट्रोलर, सुटे करून हातात धरायचे, आणि इवातांसारखे दोन्ही हात सरळ पुढे न्यायचे. की गोल्फ सुरू! जॉयकॉन फिरवून फटकाही मारता येई.

तारीख बदलून फसवायची सोय नव्हती. कन्सोल एकदा का इंटरनेटला जोडला, की तो तिथलीच वेळ धरून बसे. त्यामुळे पडताळणाऱ्यांना कधीच नेटला न लावलेला, कोरा स्विच शोधावा लागला. जपानमध्ये काहींनी याला ओमामोरी म्हटलं, म्हणजे तिकडच्या देवळात मिळणारा ताईत. प्रत्येक स्विचच्या पोटात एक. जाहिरातींवर एवढा पैसा उधळणाऱ्या या धंद्यात कुणीतरी एवढं करून गप्प बसलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आणि मग, त्याच वर्षाच्या एका अपडेटमध्ये, हा गोल्फ गुपचूप काढून टाकला. कशाला काढायचा? कुणाच्या वाटेत येत होता?

पण बघा, लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातून तो गेला. दुकानंही अशीच जातात. निन्टेन्डोच्याच जुन्या वी कन्सोलचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली. म्हणून विकतचा खेळ नुसता घेऊन ठेवू नका, तो कन्सोलवर किंवा मेमरी कार्डावर उतरवून ठेवा. घेतला की उतरवा.

जाता जाता, टीव्हीवर ‘गेम मोड’ लावा. नवे टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतात, तोवर मारिओ खड्ड्यात गेलेला असतो. वर्गणीच्या खेळांत झेडएल आणि झेडआर ही बटणं एकत्र दाबून धरली की खेळ मागे नेता येतो. काही जण त्याला लबाडी म्हणतात. त्यांना म्हणू द्या. ऑफिसातून रात्री आठला घरी येणाऱ्याने पहिल्या लेव्हलपासून कितीदा सुरुवात करायची?

आणि कॉन्ट्रा दोघांत खेळणार असाल, तर दुसरा कंट्रोलर खरोखर जोडा. धाकट्याच्या हातात बंद कंट्रोलर देऊन ‘तूच खेळतोयस’ सांगायचं, तर तो आता चाळिशीचा आहे. नमस्कार.