रायने कार्प: छतावरून समुद्राकडे

(दृश्य: टॅलिनचा किनारा, सकाळ. दूरवर एक जहाज.)

एस्टोनियाची राजधानी टॅलिन. समुद्राला खेटून वसलेलं शहर, पण सोव्हिएत काळात इथल्या माणसाला समुद्राकडे मोकळेपणानं जाता येत नसे. किनारा म्हणजे सीमेचा पट्टा, आणि पलीकडे फिनलंड.

१९८० साली मॉस्कोत ऑलिंपिक भरलं. मॉस्कोला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या बोटींच्या शर्यती टॅलिनला आल्या. त्यानिमित्तानं बंदराजवळ लेनिनच्या नावानं एक भव्य सभागृह उभं राहणार होतं. ते काम आलं १९३९ साली टॅलिनमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद रायने कार्प यांच्याकडे. रीना आल्टमे या त्यांच्या सहकारी.

भव्य म्हटलं की उंच, हा तेव्हाचा शिरस्ता. कार्प यांनी मात्र इमारत जमिनीलगत बसवली. जहाजातून येणाऱ्याला आधी दिसतात ते जुन्या शहराचे मनोरे, सेंट ओलाव्ह चर्चचा सुळका. ते झाकायचे नव्हते. मग त्यांनी छताचाच रस्ता केला. शहराच्या बाजूनं पायऱ्या चढायच्या, छतावरून चालत जायचं, आणि पलीकडे उतरलं की थेट पाणी. पायाखाली ४,०००हून जास्त माणसांचं प्रेक्षागृह आहे, हे चालताना ध्यानातही येत नाही. माझ्या मते कार्प यांचं सगळ्यात मोठं काम हेच: शहराला त्याचा समुद्र परत मिळाला.

(दृश्य: भिंत, अगदी जवळून.)

हा दगड बघा. राखाडी, खडबडीत, थरावर थर. स्थानिक नाव पाएकिवी, म्हणजे चुनखडक. जुन्या शहराची तटबंदी याच दगडाची. १९९२ साली तो एस्टोनियाचा राष्ट्रीय दगड ठरला. कार्प तर त्याआधीपासूनच तो वापरत होते.

ऑक्टोबर १९८८. याच सभागृहात एस्टोनियाच्या लोकआघाडीचं पहिलं अधिवेशन भरलं. बाहेर नाव लेनिनचं, आत आपल्या देशाचा कारभार आपल्या हाती मागणारी माणसं. पुढे ते नाव गेलं. आता सगळे म्हणतात लिन्नाहाल, शहराचं सभागृह.

टोनिसमॅगी टेकडीवरचं राष्ट्रीय ग्रंथालयही कार्प यांचंच, चुनखडकाच्या किल्ल्यासारखं. १९८५ साली काम सुरू झालं तेव्हा राज्य सोव्हिएतांचं होतं. १९९३ साली ते पूर्ण झालं, तोवर देश स्वतंत्र झाला होता.

सगळ्याच वास्तूंचं नशीब असं नव्हतं. त्यांचं साकाला केंद्र २००७ साली पाडलं गेलं. तिथं आज सोलारिस नावाचं मॉल आहे. जेमतेम वीस-बावीस वर्षांची वास्तू! निषेध झाला, लोक बोलले, पण ती वाचली नाही. याचं वाईट वाटतं.

(दृश्य: लिन्नाहालच्या पायऱ्या, संध्याकाळ.)

लिन्नाहालही बरीच वर्षं बंद पडून आहे. काँक्रीटचे तुकडे निखळलेत, फटींतून गवत उगवलंय, भिंतींवर रंगांची चित्रं आहेत. तरी ऊन कलायला लागलं की माणसं येतात, पायऱ्यांवर टेकतात. समोरून हेलसिंकीचं जहाज सुटतं, आणि ते नजरेआड होईस्तोवर कुणी जागचं हलत नाही.