घारीचं न उबलेलं अंडं

मुठेकाठचा हा विलायती शिरीष. शेंड्याजवळ घारीचं घरटं आहे: काटक्या, चिंध्या, निळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा. दोन अंड्यांतल्या एकातून पिल्लू निघालं. दुसरं घारीने महिनाभर उबवलं, पण ते तसंच राहिलं. वनविभागाच्या परवानगीने ते आज खाली येतंय. परवानगीशिवाय घरट्याला हात लावणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

असं नासकं अंडं कुणीही नाक मुरडून फेकून देईल. आमच्या, म्हणजे अंड्यांतलं विष मोजणाऱ्यांच्या लेखी ते सोनं आहे.

घार काय खाते? मटण मार्केटमागचे तुकडे, उकिरड्यावरचे उंदीर, नदीतले मेलेले मासे. त्या प्रत्येकाने अंगात साठवलेलं विष तिच्या चरबीत येऊन जमतं. डीडीटी हे कीटकनाशक पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबीत मुरतं. शरीरात त्याचं डीडीई होतं आणि ते वर्षानुवर्षं जात नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी नावाची रसायनं त्याच जातीची. बलकातल्या चरबीबरोबर हे सगळं अंड्यात उतरतं. हिवाळ्यात सासवडकडच्या माळांवर येणाऱ्या भोवत्यांच्या, म्हणजे दूरवरून येणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या, अंगातलं विष कुठल्या मुलखातलं, हे सांगणं कठीण. इथे घरटं करणारी घार मात्र इथलंच खाते.

प्रयोगशाळेत आधी कॅलिपरने लांबी-रुंदी. उबवताना अंड्यातलं पाणी उडतं आणि विषाचं प्रमाण उगाच जास्त दिसतं, म्हणून या मापांवरून मूळ आकारमान काढून हिशेब दुरुस्त करतात. मग मधोमध गोल चीर. वास खोलीभर पसरतो, मास्कलाही जुमानत नाही. आतला ऐवज काचेच्या बरणीत जातो. प्लॅस्टिक टाळायचं, त्यातली रसायनं नमुन्यात उतरतात. पुढे चरबी विरघळवणारं हेक्झेन, मग रसायनं वेगवेगळी करणारं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ. पडद्यावर एकेका रसायनाचं शिखर उमटतं. डीडीटीच्या मानाने डीडीई खूप जास्त असेल तर विष जुनं. डीडीटीच वरचढ असेल, तर जवळपास कुठेतरी ते अलीकडे वापरलं गेलंय असा संशय घ्यावा लागतो. भारतात शेतीसाठी ते 1989 मध्ये बंद झालं, हिवतापाच्या डासांसाठी चालू राहिलं. फवारणीवाले येऊन गेले की भिंतींवर उरणारे पांढरे डाग जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना आठवत असतील.

पण माझा जीव अडकतो तो टरफलात. डीडीईमुळे टरफलाला पुरेसं कॅल्शियम मिळत नाही. ते पातळ होतं आणि अंडं आईच्याच वजनाखाली पिचतं. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही, ससाण्याला होतं. 1967 मध्ये ब्रिटनमध्ये पक्षीअभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याची संग्रहांतली जुनी अंडी नव्यांशी ताडून पाहिली. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून, म्हणजे डीडीटीचा वापर सुरू झाल्यावर लगेचच, टरफल जवळपास पाचव्या हिश्शाने हलकं झालं होतं. ती जुनी अंडी कुणी जपून ठेवलीच नसती, तर तुलना कशाशी केली असती?

हे टरफल धुऊन वाळवलंय. मायक्रोमीटरने जाडी चार ठिकाणी मोजली, आकडे वहीत उतरवले. आता दोन्ही अर्धुकं कापसात, पुठ्ठ्याच्या डबीत. झाकणावर झाडाचं ठिकाण आणि तारीख, पेन्सिलने, कारण शाई उडते. डबी कपाटात जाते.

तिकडे शिरीषावर घार उंदीर घेऊन आलीय. उरलेलं पिल्लू चोच वासून उभं आहे.