कार्डिफनंतर ट्रक कुठं उतरणार?

मंडळी, हा जो फ्रान्सचा नकाशा भिंतीवर लावलाय तो मी घरून आणलाय, गेले काही महिने आमच्या बैठकीतच होता, त्यावरच्या पेन्सिलीच्या रेघा माझ्या आणि खोडलेल्या पण माझ्याच. आज एवढ्यासाठीच उभा आहे की 2027 ची टूर द फ्रान्स कुठून कुठं जाईल याचा माझा अंदाज तुम्हाला सांगायचाय, आणि तो अंदाज मी कसा बांधला ते सांगायचंय.

ज्यांना सायकलिंगचं फार माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. तीन आठवडे, 21 स्टेज म्हणजे रोजचा एकेक टप्पा, साधारण 3300-3400 किलोमीटर, रोजच्या वेळेची बेरीज, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो पिवळ्या जर्सीत. रेस 1903 पासून आहे, पिवळी जर्सी 1919 पासून. पूर्ण रूट आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जाहीर होतो पण सुरुवात कुठून हे त्याच्या बरंच आधी सांगतात. म्हणजे 2027 ची सुरुवात स्कॉटलंडच्या एडिनबर्गहून, 2 जुलैला, पहिली स्टेज कार्लाइलपर्यंत, मग केसिक ते लिव्हरपूल, मग वेल्समध्ये वेल्शपूल ते कार्डिफ. पुढच्या अठरा स्टेज कोऱ्या, आणि त्या कोऱ्या जागेतच माझा जीव अडकलाय.

आता होतं काय, अंदाज बांधायला बसलं की सगळे आधी डोंगर बघतात. मी पण तेच करायचो. आपल्या इंदूरकरांचं तर विचारूच नका, इथं सपाटीवर रोज सकाळी सुपर कॉरिडॉरला गोल गोल फिरायचं आणि चढ पाहिजे असेल तर रविवारी पहाटे निघून महूवरून जाम दरवाज्यापर्यंत जायचं, घाट उतरून खाली मंडलेश्वरला चहा, आणि मग तोच घाट चढून वर, उन्हाच्या आत. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा वर दिसला की पायात जीव येतो. म्हणून टूर म्हटलं की आपलं मन आधी तुरमाले, गालिबिए असल्या तिथल्या मोठ्या घाटांवर जातं. पण डोंगर कुठं पळून जात नाहीत हो, ते कुठल्याही बाजूनं गाठता येतात. रूट कळायचा असेल तर ट्रक बघायचे.

खरंच सांगतोय. रायडर विमानात बसले की विषय संपला. पण टीमच्या बसेस, मेकॅनिकच्या गाड्या, स्पेअर सायकली, फिनिशची कमान, बॅरिकेड, टीव्हीच्या गाड्या हे सगळं कार्डिफहून समुद्र ओलांडून न्यायचंय, आणि त्याला माझ्या मते दोनच दारं आहेत. एक, पूर्वेला डोव्हरकडे जाऊन कॅले, म्हणजे फ्रान्सचं उत्तर टोक. दुसरं, दक्षिणेला पोर्ट्समथला जाऊन फेरीनं नॉर्मंडी किंवा ब्रिटनी, म्हणजे कां (Caen) नाहीतर सां-मालो ही वायव्येकडची गावं. कुठल्या दारातून आत शिरतात त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि इथं वार महत्त्वाचा आहे. टूर साधारण शनिवारी सुरू होते. 2 जुलै 2027 ला शुक्रवार आहे. का बरं शुक्रवार? कारण शुक्रवार, शनिवार, रविवार तीन स्टेज झाल्या की सोमवार प्रवासाला मोकळा मिळतो. हे नवीन नाही, 2022 ला कोपनहेगनहून सुरुवात होती तेव्हा अगदी हेच केलेलं, शुक्रवारी सुरू, तीन दिवस डेन्मार्क, सोमवारी ट्रान्सफर, मंगळवारी डंकर्क ते कॅले. त्या वर्षी मग दोनाच्या जागी तीन रेस्ट डे झाले. म्हणून मी 2022 चा नकाशा काढला आणि 2027 च्या कोऱ्या नकाशावर ठेवून बघितला, आणि माझ्या डोक्यात जे आलं ते आता सांगतो.

2022 ला डंकर्कनंतर लगेच आरेनबर्गची स्टेज होती, म्हणजे दगडी रस्ते, पॅरिस-रूबे रेसवाले, मग पूर्वेला वळून ला प्लांश दे बेल फीचा चढ, मग आल्प्स, तिथं ग्रानोंच्या घाटात विंगेगार्डनं पोगाचारला मागं टाकलं आणि पिवळी जर्सी घेतली, दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझ, तिथून खाली कार्कासोनकडे आणि शेवटी पिरेनीज, म्हणजे स्पेनच्या सीमेवरचे डोंगर, तिथं हॉताकामच्या चढावर निकाल. एका मोठ्या गोलासारखं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं.

त्यानंतर बघा. 2025 ला लीलहून सुरू करून ब्रिटनीतून खाली, आधी पिरेनीज, नंतर व्हेंटू डोंगर, मग आल्प्स. 2026 ला बार्सिलोनातून सुरुवात म्हणजे पिरेनीज सुरुवातीलाच येऊन जातात आणि शेवट आल्प्समध्ये, आल्प द्युएझवर लागोपाठ दोन दिवस फिनिश. म्हणजे दोन वर्षं लागोपाठ शेवट आल्प्समध्येच. कार्डिफनंतर सां-मालोच्या दारातून आत आलात तर पश्चिम किनाऱ्यानं सरळ खाली पिरेनीज, आणि तिसऱ्या वर्षी पण आल्प्सच शेवटी. मला नाही वाटत प्रुदोम हे करतील. 2007 पासून ते टूरचे डायरेक्टर आहेत, आणि आदल्या वर्षीचा नकाशा पुन्हा गिरवायचा त्यांचा स्वभाव नाही.

म्हणून माझी रेघ कॅलेच्या दारातून आत येते. मंगळवारी समुद्रकाठी सपाट स्टेज, वारा सुटला तर पेलोटॉनचे, म्हणजे रायडरच्या मुख्य घोळक्याचे, तुकडे. बुधवारी दगडी रस्ते. 2022 नंतर ते आलेच नाहीत, 2024 ला त्रॉयला पांढऱ्या मातीचे रस्ते होते पण त्याची जात वेगळी. 2014 ला लीड्सहून सुरुवात झाली तेव्हासुद्धा फ्रान्समध्ये उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी पावसात दगडी रस्त्यांची स्टेज होती, त्यात क्रिस फ्रूम बाहेर पडला आणि निबालीनं आघाडी वाढवली. मग व्होज, जुरा, आल्प्स, मासिफ सेंत्राल हे डोंगर, आणि शेवटच्या आठवड्यात पिरेनीज.

आता जे मला मनापासून पाहिजे ते. शेवटून दुसऱ्या दिवशी लांब, सपाट टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत. 2022 ला रोकामादूरला 40.7 किलोमीटरची होती. 2026 मध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल एकच, 26 किलोमीटर, माझ्या दृष्टीनं फार कमी, कारण डोंगरावर हलका माणूस जिंकणार आणि त्याला उत्तर द्यायला जड, ताकदीच्या माणसाला जागाच ठेवायची नाही हे बरोबर नाही. 1989 ला शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशा 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलनं लेमाँडला आठ सेकंदांनी टूर मिळवून दिली, फिन्याँ हरला. 2020 ला पोगाचारनं रोग्लिचकडून जर्सी घेतली ती पण शेवटून दुसऱ्या दिवशी, टाइम ट्रायलमध्येच. असले दिवस पाहिजेत मंडळी.

मागच्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, व्हेंटू असेल का. 2025 ला झाला, त्याआधी 2021 ला, म्हणून 2027 ला धरत नाही. पॅरिसमधली मोंमार्त्रची टेकडी मात्र शेवटच्या दिवशी परत असणार, लोकांना फार आवडलीय.

आणि या दादांनी विचारलं की आपल्याकडे कधी. पुण्यात 2026 च्या जानेवारीत पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय स्टेज रेस झाली, पुणे ग्रँड टूर, तेव्हापासून मी इथला नकाशा पण काढून बसलोय. महेश्वरला घाटावरून सुरुवात, मंडलेश्वर, तिथून जामचा घाट, दरवाज्याखाली माथ्यावर आधी पोचणाऱ्यांना चढाचे पॉइंट, महू, आणि फिनिश राजवाड्यासमोर. अडचण एकच, महूनंतर फिनिशपर्यंत सगळं सपाट आहे, घाटात निसटलेल्याला मागचे गाठतील. म्हणून मी पुन्हा एक रेघ मारलीय, महूवरून जानापावच्या टेकडीकडे वळवून. नकाशाच्या खाली दुसरा कागद आहे बघा, पुढं या, दाखवतो.